वर्खाची दोन पानं

एका बाजूला बाल्टिक समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी,
मध्ये वाळूची लांबच लांब पट्टी.
तिथली वाळू वाऱ्याबरोबर चालते, कुंपणं ओलांडते,
चालता चालता एखादं घरही गिळते.

तिथे उर्ते राहायची, दहा वर्षांची.
वादळ ओसरलं की गुडघाभर पाण्यात उतरून
शेवाळाच्या गुंत्यात शोधायची मधाच्या रंगाचे खडे.
दगडासारखे दिसतात, पण हाताला गार लागत नाहीत.
झाडांचा चीक तो, लाखो वर्षं पुरलेला.
आपल्याकडे त्याला तृणमणी म्हणतात :
लोकरीवर घासा, गवताची काडी धावत येऊन चिकटते.
हे नाव ठेवणाऱ्यानं
नक्की घासून पाहिलं असणार.

शाळेचे मास्तर क्रिस्तुप्स, खिसे नेहमी फाटलेले.
चर्चची वेदी मढवायला कारागीर आला होता,
त्याच्याकडून त्यांनी सोन्याच्या वर्खाचा तुकडा मागून घेतला.
काकडीच्या लोणच्याची बरणी तीनदा धुतली
(वास गेला नाही तो नाहीच),
बुचातून पितळी तार आत सोडली,
वर एक गोळी, खाली वर्खाच्या दोन पट्ट्या
अंगाला अंग लावून.
"हा विद्युतदर्शी," मास्तर म्हणाले,
"याला बोलता येत नाही. फक्त पाय फाकवता येतात."

उर्तेनं खडा हातमोज्यावर खसाखसा घासला,
गोळीवर फिरवला.
आणि बरणीत, कुणी फुंकर न घालता,
पानं एकमेकांपासून दूर सरली,
एकाच खोडीचा ओरडा खाल्लेली दोन भावंडं
बाकाच्या दोन टोकांना बसावीत तशी.
"दोघांना एकच भार मिळाला," मास्तर म्हणाले,
"आणि सारख्याला सारखं शेजारी नको असतं."
मग उर्तेनं गोळीला बोट लावलं.
भार तिच्यातून जमिनीत गेला,
पानं मिटली. तिला काहीच जाणवलं नाही,
याचंच तिला वाईट वाटलं.

धुक्याच्या दिवशी पानं हलेनात.
"ओल चोरटी असते. काचेवरून भार हळूच पळवते."
बरणी शेगडीपाशी नेली. तासाभरानं पुन्हा उघडली पानं.

उर्तेच्या आईच्या गळ्यात माळ होती, सतरा मण्यांची.
बाबांनी जत्रेतून आणलेली.
त्यानंतरच्या हिवाळ्यात खाडीवरचा बर्फ त्यांच्या पायाखाली फुटला.
विहिरीवर कुणीतरी म्हणालं, "काच आहे ती, काच."

उर्तेनं माळ मागितली. आईनं कारण विचारलं नाही.
शाळेत तिनं दोरा सोडला, मणी ओळीनं मांडले.
आधी स्वतःच्या खड्यानं पानं उघडली.
मग एकेक मणी लोकरीवर घासून
गोळीजवळ धरला, न टेकवता.
पहिला : पानं आणखी फाकली. तृणमणी!
दुसरा : पानं जवळ आली.
"तुझ्या खड्याच्या उलटा भार," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "काचेचा."
तिसरा जवळ. चौथा जवळ.
सतरापैकी तीन खरे.

माळ पुन्हा ओवायला संध्याकाळ झाली.
आईनं ती गळ्यात घातली, पदर नीट करावा
तशी शालीची कड नीट केली.
"किती?"
"तीन."
"अगं, पहिल्या दिवशीच मानेला गार लागली होती," आई म्हणाली,
"तीन खरे निघतील असं मात्र वाटलं नव्हतं."
आणि मासे खारवायला बसली.

पुढच्या सोमवारी मिकेलिस शिंकला, तेही बूच उघडं असताना.
वर्ख फाटला. कारागीर तर केव्हाच गेलेला.
मास्तरांनी खिसे चाचपले,
मग खिडकीबाहेर वाकून गवताच्या दोन वाळक्या काड्या तोडल्या,
तारेला टांगल्या.
उर्तेनं खडा घासला.
त्याही उघडल्या. थोड्याशाच.
पण उघडल्या.