पाव मिलिमीटर

नेमणूकपत्रात माझं पद आहे अतिथी विद्वान.
पहिल्या वर्षी आई म्हणाली होती,
पाहुणी ना तू, मग चहा तरी देतात का?
चहा स्टाफरूममध्ये वर्गणीचा.
पैसे शिकवल्या दिवसाचे.
दिवाळीचे नाहीत, तापाचे नाहीत,
निवडणुकीच्या ड्युटीनंतर झोपून काढलेल्या सोमवारचेही नाहीत.
रविवार तर त्यांच्या हिशेबात कोराच.

तो मी घेतला.

सहाला जनकगंजातून निघते,
उरवाईच्या चढाखाली स्कूटी लावते.
पिशवीत भिंग, बटर पेपर, टोक केलेली पेन्सिल
आणि दगडाचं काही उचकटून न नेणारी चिकटपट्टी,
जी सापडायला दोन वर्षं गेली.

भिंतीच्या उत्तर अंगाला, छातीच्या उंचीवर
करड्या-हिरव्या एकवीस चकत्या.
दगडफूल.
गोड्या मसाल्यातलं ते डोंगराकडून येतं;
आई भाजण्याआधी मुद्दाम दाखवते, "हे तुझ्यातलं का गं?"
हे आमचं ग्वाल्हेरचं, खपलीसारखं चपटं,
जूनच्या उन्हात मेलेलं वाटणारं,
आणि दव पडलं की चहा गाळेपर्यंत हिरवं.
विद्यार्थी लगेच म्हणतात, मॅम, हे तर तुमच्यासारखंच.
मी सांगते, उपमा नंतर. आधी मोजा.

कागद धरायचा, कड गिरवायची, तारीख घालायची.
पुढच्या वर्षी त्याच कडेवर दुसरा कागद.
दोन रेषांमध्ये अंतर पाव मिलिमीटर,
कधी तेवढंही नाही.
माझा करार अकरा महिन्यांचा.

चौकीदार रामसेवकनं तिसऱ्या वर्षी विचारलं,
"क्या नापती हो मैडम?"
सांगितलं. तो भिंतीकडे बघत राहिला.
"इसकी छुट्टी मिलती है आपको?"
म्हटलं, छुट्टी है, तभी तो आई हूँ.
तेव्हापासून बाण-बदाम कोरणाऱ्या पोरांना
तो चौदा नंबरपासून लांब हाकलतो.

विभागाचं भिंग मागितलं होतं एकदा.
सक्सेना सरांनी माझी ऑर्डर मागवून वाचली.
"इसमें तो अध्यापन लिखा है."
नया बाजारातून विकत घेतलं.
लेख स्वीकारला गेला तेव्हा तेच म्हणाले,
मार्गदर्शन तो विभाग का ही माना जाएगा न?
ऋणनिर्देशात मी लिहिलं:
न दिलेल्या भिंगाबद्दल आभार.
मग खोडलं. अजून शिकवायचं होतं तिथे.

लेखाच्या फॉर्ममध्ये एक रकाना, अनुदान क्रमांक.
मोकळा ठेवला तर पान पुढे सरकेना.
शून्य भरलं. सरकलं.

जुलैत रीव्याहून एक कायम प्राध्यापक बदलून आले.
सज्जन गृहस्थ, माझ्याच टेबलावर डबा ठेवताना ओशाळले.
पोर्टलवर माझ्या नावापुढे आलं: फॉलन आउट.
आईनं चष्मा लावून वाचलं.
"म्हणजे कुठून पडलीस?"
पुढच्या यादीत श्योपूर मिळालं.
एसटीडीच्या जुन्या दुकानावरची खोली, खिडकीत बाभूळ.
शनिवारी रात्री बस, पाय आखडून,
पहाटे ग्वाल्हेर.

ऑक्टोबरात रामसेवक खालीच उभा होता,
त्याच्या पाळीत चोरी झाल्यासारखा.
भिंत धुतली होती कुणी.
ब्रशचे फराटे, औषधाचा वास,
नऊ ते तेरा, गुलाबी उघडा दगड.
"मैंने बोला था उनसे, ये मैडम के हैं."
त्यांच्याकडेही ऑर्डर असणार.
त्यात सफाई लिहिलेलं असणार.

सात वर्षांचे नऊ नंबरचे सात कागद
एकावर एक धरून उजेडात बघितले.
झाडाच्या खोडात असतात तशी वर्तुळं,
फक्त खोड नाही.

मग आठवा कोरा कागद
त्याच जागी लावला,
तारीख घातली,
आणि आकार काढायचा तिथे लिहिलं शून्य.
धुतलेल्या दगडावर पहिलं काही यायला किती वर्षं लागतात
हे या भिंतीपुरतं कुणी मोजलेलं नाही.
रामसेवकनं विचारलं, "फिर से?"
परतीची बस दोनची होती.
चौदा नंबर अजून गिरवायचा होता.