सी-फॉर्म, तीन प्रती

एसटी वळली, धूळ बसली,
आणि धुळीतून ती उरली :
पाठीवर तिच्याएवढी पिशवी,
हातात रिकामी बाटली,
डोक्याला हिरवा रुमाल घट्ट.

परदेशी माणूस चोवीस तासांत पोलिसांना कळवायचा असतो,
म्हणून चहाच्या आधी फॉर्म.
नाव : म्वानाइशा. मी दोनदा खोडलं.
गाव लामू. देश केनिया.
येण्याचं कारण : कासवं.
मुली खुसखुसल्या.
कासवांच्या अंड्यांवर पहारा द्यायला
विमानात बसून कोण येतं?
परत जाण्याची तारीख लिहिताना मात्र
तिचं पेन थांबलं,
जसं काही आत्ताच कळलं
की चार महिने म्हणजे किती.

आंजर्ल्यातलं आमचं वसतिगृह म्हणजे काय,
दोन खोल्या, बारा कॉट,
खाडीपलीकडच्या वाड्यांतल्या मुली
आणि मी. रेक्टर म्हणा, स्वयंपाकीण म्हणा.
खिडकीजवळची कॉट तिला दिली.
ती रुखसारची होती, हे रुखसारने
मला डोळ्यांनीच गप्प बसवून लपवलं.

न्हाणीघर दाखवताना फजिती माझीच.
बालदी, तांब्या, असं घ्यायचं, असं ओतायचं,
मी हातवारे करत राहिले.
तिने तांब्या उचलला,
सराईतासारखं पायांवर पाणी घेतलं
आणि मला हसू आवरेना.

जेवताना डोळे भरले तिचे.
तिखट? मान हलवली, नाही.
मी सोलकढी पुढे सरकवली.
नारळ जिभेला लागला तशी
तिने पहिल्यांदा मान वर करून
माझ्याकडे नीट पाहिलं.
मग अंगणातल्या मोहोराकडे बोट : "एम्बे."
"आंबे," अक्षता म्हणाली, वही तपासल्यासारखी.
"एम्बे."
"आंबे!"
दोघींतली एक हटेल तर शपथ.

संध्याकाळी गजानन कासववाला तिला
जाळीच्या कुंपणाशी घेऊन गेला.
वाळूत रोवलेल्या पाट्या, तारखा,
एकशे चौदा अंडी, सत्त्याण्णव अंडी.
ती वाकून वाचत होती
आणि मध्येच उठून पाण्याकडे गेली.

तिच्या गावी सूर्य समुद्रातून वर येतो.
इथे तो उलटा चालला होता, आत,
खिसा बाहेर काढावा तसं
सगळंच उलटं.
नमाजाला ती सवयीने उत्तरेला उभी राहिली,
रुखसारने खांदे धरून
हलकेच वळवलं,
लाटांकडे.

रात्री टाकीच्या कठड्यावर एक कांडी रेंज येते.
तिथे बसून ती घरी बोलली.
भाषा मला काय कळणार.
पण तो आवाज मी ओळखते.
आमचा दिगंबर मस्कतला गेला
त्या पहिल्या रात्री पोस्टाशेजारच्या बूथमध्ये
मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता :
जेवलो. माणसं चांगली आहेत. खोली मोठी आहे.
अकरा वर्षांनी, पडवीत सुपारी कातरता कातरता
सहज बोलून गेला,
आमसुलांची पिशवी उशाला घेऊन
नुसता पडून होतो गं त्या रात्री,
कॉटवर, सतराजणांत.
आणि पुन्हा सुपारी कातरू लागला.

आता ती भिंतीकडे तोंड करून निजलीय.
निजली असेल. मी बघायला गेले नाही.
फॉर्मच्या तिसऱ्या प्रतीवर
एक रकाना तसाच राहिला होता :
भारतातील ओळखीची व्यक्ती.
तिथे माझं नाव घातलं,
नंबर घातला, आडनाव नीट अक्षरात.
खोटं म्हणावं तर
सकाळपासूनची ओळख आहेच की.

मग उद्याच्या वाटणातल्या
चार मिरच्या काढून ठेवल्या.
मुली कुरकुरतील.
कुरकुरू देत.