गो, नो-गो

गेजरूमचं तापमान वीस अंश.
बाहेर सातपूरला एप्रिलचं चाळीस असो
की जानेवारीत स्कूटरच्या सीटवर गोठलेलं दव,
आत वीस.
सतरा वर्षं खुर्चीच्या पाठीवर माझी राखाडी शाल आहे.
मी नसले तरी ती खांदे पाडून बसलेली असते.

छाजेडशेठ आत येताना चपला दाराशी काढायचे.
कुणी सांगितलं नव्हतं.
स्लिप गेजची लाकडी पेटी उघडी दिसली
की बोलणंसुद्धा हळू.
त्यांनी कंपनी विकली हे आम्हाला कळलं
गेटवरचा बोर्ड उतरवायला क्रेन आली तेव्हा.
नवा बोर्ड निळा आहे.
वॉचमन भिकाजीला ते नाव अजून म्हणता येत नाही,
फोनवर तो पत्ता सांगतो, "जुनी छाजेड."

नव्यांनी वाईट काही केलं नाही, हे आधी लिहून ठेवते.
पैसे एक तारखेला जमा होतात,
पूर्वी सातला व्हायचे, कधी अकराला.
बायकांच्या बाथरूमला कडी आली.
कँटीनचे काचेचे ग्लास जाऊन कागदी कप आले
आणि चहा निम्मा झाला, एवढंच.

अकाउंट्सचे दौलत पगार दिवाळीआधीच गेले.
टर्निंगचे निवृत्ती गांगुर्डे आहेत तिथेच.
पगार गेले, निवृत्ती राहिली –
विनोद सगळ्या शॉपमध्ये फिरला.
गांगुर्डेही हसले,
मग बंद लेथचा चक हातानेच
गोल गोल फिरवत राहिले.

सोमवारी रजत सर आले. बुटांसकट.
वय एकतीस, आवाज मऊ.
माझीच खुर्ची मला देऊन म्हणाले, बसा ना.
टेबलावर बुशची बॅच, अडीचशे नग,
बोअर वरच्या मर्यादेपलीकडे दोन मायक्रॉन.
"दोन मायक्रॉन म्हणजे किती हो, मॅडम?"
त्यांना खरंच माहीत नव्हतं.
मी म्हटलं, केस उभा चिरून पस्तीस भाग केले
तर त्यातला एक.
ते हसले.
"मग सोडा की."

प्लग गेजला दोन टोकं असतात.
एक आत जायलाच हवं.
दुसरं, लाल पट्टीचं, जाता कामा नये.
शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी मी एवढंच शिकवते:
दाबायचं नाही.
आपल्या वजनाने जातं का बघायचं.
जोर लावला तर सगळंच जातं.

मी रजिस्टरमध्ये 'रिजेक्ट' लिहिलं.
बुधवारी रॅक रिकामा होता.
नवी ओळ, नवी शाई, 'ओके',
खाली सही कोमल आहेरची.
मीच शिकवलेली मुलगी.
तिने मान वर केली नाही.
दाबलं का गं, असं विचारणार होते.
तिच्या वडिलांचं डायलिसिस आठवलं
आणि पेन्सिलीला टोक करत बसले.

माझे घराचे हप्ते बासष्ट राहिलेत.
अंबडला एक छोटी कंपनी बोलावते आहे,
चार हजार कमी,
गेजरूम नाही, गेजचं कपाट आहे.
पपया नर्सरीच्या सिग्नलला
मी रोज तोच हिशेब मांडते
आणि रोज हिरवा लागतो
वजाबाकीच्या मध्येच.
नव्या अटींचं पत्र ड्रॉवरमध्ये आहे,
शुक्रवारपर्यंत सही करायची आहे.
गांगुर्डे म्हणतात, "बाई, कुठंही जा, मालक मालकच."
खरं असेल.
पण मला मालक मोजायचा नाहीये.

गुरुवारी सुटताना पत्र तिथेच ठेवलं.
शाल घेतली.
गेटवर भिकाजीने पिशवीत डोकावून पाहिलं,
तपासणी आता रोज असते.
"शाल? मॅडम, एवढ्या थंडीत धुवायला काढली?"

म्हटलं, हो.
वाळायला वेळ लागेल.