तीन बाजूंनी पाणी

सहावीच्या भूगोलात प्रश्न होता:
द्वीपकल्प म्हणजे काय? एक उदाहरण द्या.
सगळ्या वर्गाने लिहिलं, भारत.
भिकन भोईने लिहिलं, आमची जिभळी.
मी लाल रेघ मारली.

आता माझे गुडघे दुखतात, पेन्शन वेळेवर येते,
आणि सावद्याच्या बाजारात केळीच्या ट्रकमागून
कोणीतरी हाक मारतं, "बाई, एकदा या ना पाहायला."
"काय आहे रे तिथे पाहायला?"
"या तर खरं."

फटफटीवर मागे बसून गेले.
केळीच्या बागा संपतात तिथे रस्ता अरुंद होतो,
दोन्हीकडून पाणी सरकत येतं.
पूल नाही. पाइप टाकलेली फरशी आहे,
तिला इथले लोक मान म्हणतात.
मान ओलांडली की जिभळी:
चाळीस घरं, एक मारुती, एक पाण्याची टाकी,
जिच्यात पाणी नाही.

पाहण्यासारखा, एक तर हा रस्ता.
मारुतीच्या पारावरून निघतो
आणि कुठेही न वळता थेट धरणाच्या पाण्यात उतरतो.
काठावर मैलाचा दगड, दर पोळ्याला चुना लावलेला:
आसखेडे जुने, २ किमी.
म्हातारे त्याला टेकून बसतात
आणि एसटीची वाट पाहत नाहीत.

करण्यासारखं म्हणाल
तर भिकनच्या आईकडून जाळ्याची गाठ शिकता येते.
मी तीनदा चुकले.
मथुराबाई म्हणाली, "पुन्हा,"
अगदी माझ्याच आवाजात.

दुपारी भुसावळची चार पोरं आली, फोटो काढले,
एकाने विचारलं, "बीच कुठंय?"
भिकनची चैताली म्हणाली,
"समुद्र खूप लांब हाये. नदी जाते तिथं रोज.
आम्ही नाही गेलो."

संध्याकाळी पऱ्हाट्यांच्या जाळावर
वांगी भाजली. साल काळी पडून फुटली,
बडगीत मिरची-लसूण ठेचल्याचा ठसका
पाण्यापलीकडच्या कुत्र्यांनाही लागला असेल.
कळण्याची भाकरी, पातीचा कांदा.
भिकन म्हणाला, "बाई, वैशाखात याल
तर पाणी मागे गेलेलं असतं. मग ही नुसती टेकडी.
डांगराच्या वेली पार खाली गाळात जातात.
भादव्यात धरणाचे दरवाजे टाकले
की एखाद्या वर्षी मान बुडते.
मग बेट. दोन दिवस, कधी पाच."

"मग शाळेत कसा यायचास?"

तो हसला, जाळात आणखी एक पऱ्हाटी सारली.

रात्री गोधडीत मला हजेरीपट दिसला,
सप्टेंबर महिना, भोई भिकन सुपडू,
गै, गै, गै,
माझं वळणदार अक्षर.
सहाव्या दिवशी तो आला तेव्हा
मी त्याला लिंबाखाली उभं केलं होतं.
कारण विचारल्याचं आठवत नाही.

पहाटे पाचला डोंग्यात.
थंडी अशी की वल्ह्यावरून निथळणारा थेंबही
पडायला वेळ घेत होता.
"बोलायचं नाही, बाई."
तेहेतीस वर्षं हे वाक्य माझं होतं.
धुकं हललं, आणि जे मला दगड वाटत होते
ते मान वर करून पाहू लागले.
चक्रवाक जोडीजोडीने, थापटे चोचीने पाणी गाळत,
आणि लांब, गव्हाच्या शेताकडे उठणारे पट्टकदंब,
डोक्यावर दोन काळे पट्टे,
कुठल्या डोंगरांवरून आलेले कोण जाणे.

वनखात्यासाठी तो मोजणी करतो.
शाळेचीच वही, डावीकडे समास आखलेला,
जसा मी आखायला लावायचे.
शेवटी दोन सह्या लागतात:
मोजणाऱ्याची, सोबतच्याची.

पट्टकदंब, त्याने लिहिलं, एकशे बारा.
माझे एकशे दहा झाले होते.
त्याने पेन पुढे केला.
डोंगा हलत होता, अक्षर वाकडं आलं,
पण सही मी एकशे बाराखालीच केली.