डबी

झाकण उघडलं की अजून डांबराचा वास येतो.
खोकल्याच्या गोळ्यांची डबी, उत्सयोकीच्या दुकानातली.
गोळ्या संपल्या तेव्हा तू पाळण्यात होतीस.
बैस, इन्केरी. कॉफी नंतर.

काड्या वीस, मेणात बुडवलेल्या.
तेवीस बुडवल्या होत्या. वरच्या तीन
अंगणात ओढून दाखव मला,
डाव्या हाताने, हातमोजा काढून,
आणि आधी तो हात बादलीत धर.
बर्फ फोडलाय मी सकाळीच.
हसू नकोस.
थंडीत बोटं परक्याची होतात,
हाक मारली तरी ओ देत नाहीत.

भूर्जाची साल, कागदासारखी सोललेली.
भिजली तरी पेटते.
इथलं एवढं एकच झाड शब्दाला जागणारं.
सुई. दात साफ करायचा दोरा, तो तुटत नाही.
दोन गळ. शिट्टी प्लॅस्टिकची,
धातूची ओठाला चिकटते, कातडं घेऊन सुटते.
साखरेचे चार खडे.
पेन्सिलीचा तुकडा कशाला, विचारतेस?
शाई गोठते. आणि माणसाला
कधी कधी लिहावंसं वाटतं.

ही केशरी पिशवी, कचऱ्याची, सगळ्यात मोठी.
तळाशी तोंडापुरतं भोक पाडलंय.
डोक्यावरून ओढून घ्यायची, गुडघे छातीशी,
आणि थांबायचं. चालायचं नाही.
थांबणं
तुझ्या बापाला कधी जमलं नाही.

तौनोचा तंबू सापडला तेव्हा
आत सगळं जागच्या जागी होतं.
झोपायची पिशवी, नकाशा, अर्धा पाव,
आणि सॅकच्या वरच्या कप्प्यात हीच डबी,
कोरडी. काड्या मी मोजल्या. वीस.
किटली घेऊन ओढ्यावर गेला होता,
दोनशे पावलं.
धुकं त्याच्या मागून उतरलं.

आणखी काही नाही सांगण्यासारखं.
काड्या बदलल्यात. साल यंदाची आहे.
डबी तीच राहू दे म्हटलं,
तिची काही चूक नव्हती.

सॅकमध्ये कुठे ठेवतेस? नको.
सॅकमधलं सॅकचं असतं.
इथे, आतल्या खिशात, चेन ओढून.
पाण्याला जाताना, लघवीला जाताना,
नुसतं आकाश बघायला बाहेर डोकावतानासुद्धा
इथेच.
हां. अशी.

घे आता कॉफी. निवली असेल.