दीड इंच माया

बोर्ड बाहेर लावायला सोसायटीची परवानगी नाही,
म्हणून तो आत आहे, चपलांच्या रॅकवर.
येणारी वाकली की तिला दिसतो.
नाव मुलीनं ठेवलंय. मला वेगळं हवं होतं.

वडगाव बुद्रुक, दुसरा मजला, डावीकडचं दार.
हॉल म्हणजे दुकान, बेडरूम म्हणजे ट्रायल रूम,
तिथं कुणी कपडे बदलायला जायच्या आधी
मी धावत जाऊन ह्यांची उशी उलटी करते,
अभ्रा कायम तेलकट.

दुपारी एक ते चार मशीन बंद.
खालचे पटवर्धन झोपतात.
तेवढ्यात मी हातशिलाई उरकते: हुक, काज,
रविवार पेठेतून आणलेले लटकन,
जे प्रत्येकीला 'अगदी साधे' हवे असतात
आणि मग 'थोडे अजून भरीव'.

नोटीस आली होती एकदा:
निवासी सदनिकेत व्यवसाय करू नये.
खाली सही, वि. गो. आठल्ये, अध्यक्ष.
आठल्येवहिनींचे तीन ब्लाउज तेव्हा मशीनवर होते.
तिन्ही वेळेत दिले.
एकाची उजवी बाही जरा घट्ट झाली,
मुद्दाम नाही.
पण उसवलीही नाही.

मापांची वही मी कुणाला दाखवत नाही.
छाती, कंबर, मुंढा, गळा पुढून, गळा मागून,
बाजूला तारीख.
बायका आरशाशी खोटं बोलतात, टेपशी नाही बोलता येत.
रसिका दाभाडे: चौतीस.
पुढच्या वर्षी एकतीस.
मग चार वर्षं पान कोरं.
एकतीसच्या वेळी मी काही विचारलं नाही.
तोंडात टाचण्या धरल्या की विचारता येत नाही,
हे या धंद्यात बरं असतं.

शिवण शिकवणाऱ्या आमच्या बाई म्हणायच्या,
कापड चोरणारा शिंपी एक वेळ परवडला,
माया न सोडणारा नको.
आम्ही सगळ्या मुली हसायचो.
बाई हसायच्या नाहीत.

मंगळवारी रसिका आली.
धायरीला आईकडे असते आता, एवढंच म्हणाली.
पिशवीत साखरपुड्याचा हिरवा ब्लाउज, मीच शिवलेला.
"सैल होईल का, ताई?"
टेप लावली. साडेछत्तीस.
मी आकडा मोठ्यानं वाचला, का कोण जाणे,
परीक्षेचे मार्क वाचावेत तसा.

उसवायला बसले.
दोरा जुना, पण चिवट, माझाच हात.
आत दोन्ही कडांना दीड दीड इंच कापड
सहा वर्षं दुमडून बसलेलं,
त्याला ना घाम ठाऊक, ना ऊन, ना साबण.
हिरवं म्हणजे दुकानात गठ्ठ्यातून काढताना होतं, तेवढं हिरवं.
बाकीचा ब्लाउज त्याच्यापुढं कुणा दुसरीचा वाटला.

"पट्टे दिसतील," मी म्हटलं.
"डावा पदराखाली जाईल. उजव्यावर लेस लावून देऊ?"
ती खिडकीशी उभी होती,
आठल्यांच्या वाळत घातलेल्या धोतराकडे बघत.
"उजवा राहू दे," म्हणाली.

दीडशे झाले. तिनं दोनशे दिले.
पन्नास मी परत केले. हिशेब तो हिशेब.

वहीत चारशे अकरा बायका आहेत,
माझं पान नाही.
मी गाऊन घालते, तुळशीबागेतला, एक्सेल,
त्यात कुणीही मावेल.

चार वाजले.
खाली पटवर्धनांकडे चहाचं आधण ठेवल्याचा आवाज,
मी मोटरच्या पेडलवर पाय ठेवते.
तेवढ्यात फोन:
"ताई, माझा झाला का हो?"

"झालाच, फक्त हुक राहिलेत," मी सांगते.

कापड अजून घडीत आहे.