सोळा दात, चोवीस दात

शेठ म्हणाले, गोदामात दोन पडल्यात, नवी कशाला?
एक चौदाशे चाळीसची, जुन्या पंख्यावरून उतरवलेली.
दुसरी नऊशे साठची, जाड अंगाची,
नेमप्लेटवर रंगाचे चार थर.
नखाने खरवडून आकडे वाचले मी.

जळगाव, एमआयडीसी, मे महिना.
पत्र्याखाली तीन वाजले
की पान्हासुद्धा फडक्यात धरावा लागतो.

दोघींना सारखंच पिनियन दिलं मी,
वीस-वीस दात. समान न्याय.
मधलं चाक बहात्तर दातांचं,
त्याच्या शाफ्टवर तुरीचा एलेव्हेटर.
बटण दाबलं. फिरलं.
मनातल्या मनात मी पेढे आणून झाले.

मिनिट भरायच्या आत वार्निशचा वास.
जाडीच्या अ‍ॅमीटरचा काटा
शेवटच्या खुणेला डोकं टेकून.

सुपडू वारके म्हणाला, हिच्यात दम नाही ताई,
आणि खडूने तिच्या पाठीवर लिहून टाकलं:
भंगार.

हुसेन तडवी यावलच्या बसने उशिरा आले.
डबा खुंटीला अडकवला,
मोठं चाक हाताने एक फेरा फिरवलं, दात मोजत,
ओठ हलत होते.
"दोन्हीले सारखे दात कशाले?
ते धावनारी हिले फरपटत नेते,
हे आपल्या चालीबाहेर फिरते
अन् उलटी वीज करू राह्यली.
दम नाही म्हनता?
सगळ्या मिलचा ब्रेक एकटी धरून बसली होती!"

हमालीच्या बिलामागे हिशेब मांडला.
सोळा दात धावणारीला,
चोवीस सावकाश चालणारीला.
कुठूनही या, मोठं चाक मिनिटाला तीनशेवीस.
खोडलं, पुन्हा केलं.
तीनशेवीसच.

कॉलेजात हे शिकले होते मी.
पेपरात आलं होतं, चार मार्कांना.

पायाची भोकं नव्याने पाडली,
कारण चोवीसचं पिनियन मोठं, मोटर सरकवावी लागली.
खाली पत्रीचे तुकडे घातले.
आधी एकेकटी चालवली, रिकामी:
टॅकोमीटरवर तीनशे तीस, तीनशे एकतीस.
मी एकासाठी अडून बसले.
तडवीचाचा म्हणाले, तेवढं ऱ्हाऊ दे.

मग दोघी एकदम.
आवाज एकच आला, जरा घोगरा.
तूर वर चढायला लागली.
मी तळहात उलटा करून जाडीच्या पाठीला लावला:
कोमट. उन्हाइतकीही नाही.

सुपडूने काही न बोलता बाहीने खडू पुसला.
नीट नाही पुसला गेला.
जुन्या रंगाच्या खरबरीत
'भं' अजून दिसतो.